गुणिले ऐंशी

आमचे मेहुणे न्यू जर्सीत असतात. हा त्यांचा गुन्हा नव्हे. पण शिक्षा मात्र मला होते. त्यांच्या पगाराचा आकडा कळला त्या दिवसापासून सौ. प्रत्येक गोष्टीला ऐंशीने गुणते. डॉलर केव्हाच ऐंशीच्या पुढे गेला, पण तोंडी हिशेबाला ऐंशी बरे पडतात. बी. कॉम.ला मला सांख्यिकीत काठावरचे मार्क होते, तरी एवढे समजते की या गुणाकारात बाकी काहीही आले तरी माझे उत्तर शून्यच येते.

गेल्या डिसेंबरात मेहुणे आले ते पहिले कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. दीडशे रुपयांत कटिंग, दाढी आणि वर डोक्याला मालिश! काशीयात्रा केल्यासारखा चेहरा करून परतले.

"भाऊजी, तिकडे नुसत्या कटिंगला तीस डॉलर. टिप वेगळी!"

चोवीसशे! सौ.ने माझ्या डोक्यावरच्या उरलेल्या केसांकडे प्रथमच आदराने पाहिले.

मी संधी साधली. बँकेत दोन वर्षे फॉरेन एक्स्चेंजच्या काउंटरवर काढली आहेत, ती कधी कामाला यायची? म्हटले, "तुझा गुणाकारच चुकतो. २०१७ साली बाजारात डॉलरला सरासरी ६५.१२ रुपये पडत. पण जागतिक बँकेच्या मोजणीप्रमाणे, तिकडे एका डॉलरात जे मिळे ते इकडे २०.६५ रुपयांत मिळत होते. याला क्रयशक्ती म्हणतात. म्हणजे त्यांचा पगार एक-तृतीयांशच धर."

सौ.ने धरला. तरीही तो माझ्या पगाराच्या कितीतरी पट निघाला. मी घाईघाईने बर्गरवर आलो. 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक १९८६ पासून देशोदेशीच्या बर्गरच्या किमतींवरून चलने तोलते. भारतासाठी बिचाऱ्यांना कोंबडीचा बर्गर धरावा लागला. यावर सौ.ने "आज घरात पिठले आहे" एवढेच सांगितले.

मग मेहुण्यांनीच विचारले, "पण भाऊजी, कात्री तीच, केस तेवढेच, मग तिकडे एवढे पैसे का?"

याचे उत्तर बॅलसा आणि सॅम्युएल्सन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली वेगवेगळे लिहून ठेवले आहे. मोबाइल बोटीतून कुठेही जातो, म्हणून त्याचा भाव सगळीकडे साधारण सारखा. कटिंग बोटीतून जात नाही. श्रीमंत देशात कारखान्या-कचेऱ्यांत पगार मोठे; तेवढे दिले नाही तर कटिंगवाला कात्री ठेवून तिकडेच जाईल. म्हणून त्याचेही दर चढतात. आपल्याकडे त्याला जायला दुसरी जागा नाही, म्हणून कटिंग स्वस्त.

इतक्यात मावशी आईला धरून बाहेर घेऊन आल्या. आई दोन वर्षे अंथरुणाला आहे. मावशी सकाळी आठ ते रात्री आठ तिच्यापाशी असतात. मेहुणे म्हणाले, "तिकडे बाथरूम मीच घासतो. आणि बारा तास अशी बाई ठेवायची म्हणजे माझा अख्खा पगार जाईल. भाऊजी, श्रीमंत तुम्हीच!"

एकोणीस वर्षांच्या संसारात मला या घरात कोणी प्रथमच श्रीमंत म्हटले, तेही सौ.च्या समक्ष. ती श्रीमंती एक तारखेपर्यंत टिकली. त्या दिवशी मावशींनी पगारवाढ मागितली.

तोंडाला चटक लागलेली. मी म्हटले, "मावशी, पैशांच्या आकड्यावर जाऊ नका. आपल्या देशात स्वस्ताई किती आहे!"

मावशी आईची वेणी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दादा, तेलाची पिशवी तुम्हाला नि मला एकाच भावात येती. पोराच्या मोबाइलचं रिचार्ज पण तेवढंच. मग सस्तं काय हाय? मीच की!"

ज्यासाठी दोन विद्वानांना एकेक निबंध लिहावा लागला, ते बाईने एका वेणीत बसवले. आई खुदकन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

वाढ दिली. मागितली त्याहून थोडी जास्तच. सौ.ने या वेळी कशालाच गुणले नाही.

पण हल्ली रात्री आठ वाजता मावशी चपला घालू लागल्या की मनात येते, यांच्याही घरी कोणीतरी माझा पगार तोंडी मांडून बसत असेल. गुणिले किती, ते विचारायचे धाडस अजून झालेले नाही.