उरलं किती?

पाचगणी, 9 फेब्रुवारी

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही, म्हणून पत्र. मीठ वरच्या फळीवर आहे. बँकेतल्या साहेबांच्या डब्यात तिखट कमी. बाकी आपल्या डब्यांच्या केंद्राचं तुला मी काय सांगावं!

काल रात्रीचं जेवण मात्र सांगायलाच हवं. तुझ्या नातीनं पहिल्या बोनसमधून ठरवलेलं हे जेवण. म्हणाली, "तू बावीस वर्षं लोकांना वाढलंस, एक रात्र तुला कुणी तरी वाढू दे." याला टेस्टिंग मेन्यू म्हणतात. आपण काही मागवायचं नाही. स्वयंपाकी ठरवेल ते, तो ठरवेल त्या क्रमानं, घासभर-घासभर येत राहतं. मुंबईत महालक्ष्मीला एका जुन्या मिलच्या आवारात 'मास्क' नावाचं रेस्टॉरंट 2016 मध्ये निघालं, तिथे अशी दहा-दहा पदार्थांची जेवणं होतात. तिथला पहिला शेफ प्रतीक साधू, मूळचा काश्मीरचा. पुढे त्यानं हिमाचलात कसौलीजवळ डोंगरात 'नार' काढलं. तुझी नात हे सगळं घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलते. आम्ही गेलो ते ठिकाण त्यांच्यापुढे अगदी लहान. चौदा खुर्च्या आणि रात्री एकच पंगत.

ताटं नाहीतच. आपल्याकडे पान वाढलं की डावी-उजवी बाजू, मीठ, लिंबू, चटणी, सगळं एका नजरेत दिसतं आणि माणूस पोटाचा अंदाज घेत जेवतो. इथे पुढे काय येणार ते कळत नाही. आधी मधाच्या पोळ्याचा नखाएवढा तुकडा आला, ज्वारीच्या कुरकुरीत पापडीवर ठेवलेला. मग कपात घेवड्याची आमटी, गाळलेली, निवळीसारखी. आई, ती आमटी! लसूण आणि जिरं, बस्स, पण मागे घेवड्याचा गोडसर, दाट वास. कोरेगावचा वाघ्या घेवडा, म्हणाला वाढणारा मुलगा. मग रुपयाएवढी भाकरी, लोणी, ठेचा. मग विस्तवावर भाजलेलं वांगं. वांगं फार चांगलं होतं, कोवळं, बियाच नाहीत म्हणावं असं, पण वर शेंगदाण्याचं कूट असतं तर आणखी बरं झालं असतं. ओल्या हळदीचं लोणचं घातलेला दोन घास भात, थंड दह्यात भिजलेला बेदाणा, तीन तऱ्हेची स्ट्रॉबेरी, आणि शेवटी वाटाण्याएवढा कंदी पेढा. प्रत्येक पदार्थ कुठल्या गावचा ते सांगून मुलगा बशी ठेवायचा.

मी न राहवून म्हटलं, आमटी आणखी मिळेल का? तो फार नम्रपणे म्हणाला, "मावशी, मोजून केलेली असते." मला वाईट वाटलं नाही, पण हात कपावरच राहिला. आपल्याकडे वाढणारा पुन्हा येणारच, आपण नको म्हणणार, तो वाढणारच, मग आपण हो म्हणणार. इथे नकोही म्हणायचं नसतं आणि होही.

जेवण आटोपल्यावर स्वयंपाकी बाहेर आला. तिशीचाही नसेल. मी त्याला तूच रोज रात्री मला विचारतेस ते विचारलं, "उरलं किती?" तो हसला आणि म्हणाला, "काही नाही. वांग्याची सालंसुद्धा सुकवून मिठात घालतो." मी त्याचं स्वयंपाकघर पाहिलं. परातीत काही नव्हतं, बादलीत काही नव्हतं. आपल्या मागच्या दारी रात्री जो भात जातो तो माझ्या डोळ्यांसमोर आला. तू सगळं मोजून झाल्यावर जी मूठ वर टाकतेस, त्यावरून आपण किती भांडलो! मला वाटलं, घरी गेल्यावर हे तुला सांगेन आणि ती मूठ बंद होईल.

पण बाहेर आलो तर गाडीचा ड्रायव्हर कुडकुडत उभा. पाचगणीची फेब्रुवारीतली रात्र होती. तो कोपऱ्यावरचा वडापाव खाऊन आला होता. आतल्या मोजलेल्या चौदा पानांत त्याचं पान नव्हतं.

जेवणाचा आकडा सांगत नाही. आपल्या जवळजवळ शंभर डब्यांचा होता.

तुझी लेक


सातारा, 11 फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

त्या जेवणाची छापील चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली आहे आणि आता आम्ही ती चिठ्ठी धरूनच फिरतो आहोत. पदार्थ जिथला, तिथे जायचं. नातीला आधी हसू आलं, मग तिनंच रस्ता ठरवला. महाबळेश्वरला कृष्णेचा उगम, पुढे ती वाईवरून साताऱ्याशेजारी माहुलीला, तिथून कऱ्हाड, मग सांगली. जवळजवळ सगळे पदार्थ नदीच्याच आसपासचे निघाले.

काल मांघरला गेलो. महाबळेश्वरजवळचं हे गाव 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. घरोघरी पेट्या, आत सातेरी मधमाश्या. जांभळीच्या बहराचा मध आणि हिरड्याचा मध चवीला वेगळे लागतात, हे मला आजवर माहीत नव्हतं. तिथल्या आजींनी दोन्ही बोटावर दिले. जांभळीचा किंचित कडवट आहे. तुला आवडेल, मला हिरड्याचा आवडला.

स्ट्रॉबेरीची शेतं वाटेवर सगळीकडे. गादीवाफ्यांवर काळा कागद आणि त्याच्या भोकांतून लाल फळं. या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोडलेलं फळ एक दिवस टिकतं, फार तर दोन. म्हणून बाकीच्याचा जॅम, क्रश. बायका पहाटेच तोडायला लागतात, ऊन चढलं की फळ मऊ पडतं.

पसरणीचा घाट उतरून वाईत ढोल्या गणपतीला नमस्कार केला, आणि संध्याकाळी साताऱ्यात पेढेवाल्याच्या भट्टीपाशी मी तासभर उभी राहिले. नात कंटाळली. मी नाही. खवा कढईत तुपाबरोबर परतत राहतात, परतत राहतात, तो तांबूस होऊन भाजल्याचा वास सुटेपर्यंत. साखर कमी. आपण पेढ्याला घाई करतो, पांढरा ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला वास येतो. हा आठवडाभर सहज राहतो. कारागीर म्हणाला, "आतलं पाणी मरेस्तोवर हात थांबवायचा नाही." मी मनगट हलवून पाहिलं, दहा मिनिटांत भरून आलं.

मला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चिठ्ठीतले पदार्थ बघ: मध, वाळलेला घेवडा, लोणचं, बेदाणा, पेढा. स्ट्रॉबेरी आणि वांगं सोडलं तर ही सगळी टिकवलेली चीज आहे. त्या रात्री काही उरलं नाही, ते खरं. पण ते जेवण उभं होतं ते कुणी तरी, कधी तरी, उरलेलं जपून ठेवलं म्हणून.

कोरेगावच्या व्यापाऱ्याकडून दोन किलो वाघ्या घेवडा घेतला. फिकट दाण्यावर लालसर पट्टे, वाघाच्या अंगासारखे, म्हणून वाघ्या. यालाही मानांकन आहे, 2016 चं. इथून बराच माल उत्तरेकडे जातो आणि तिकडे राजमा म्हणून खाल्ला जातो. ओझं नको म्हणून आजच पार्सलनं पाठवला आहे. आला की उन्हात घाल, मग डब्यात.

तुझी लेक


सांगली, 13 फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा संगम पाहिला. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकदम वळून जातात. तिथून तासगावच्या वाटेला लागलो. बेदाण्याच्या शेडा दिसू लागल्या. चारी बाजू उघड्या, वर छप्पर, आणि आत जाळ्यांचे मजले एकावर एक. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या पाण्यात बुडवतात, त्यानं सालीवरचा मेणासारखा थर सुटतो आणि फळातलं पाणी वाट काढतं. मग पंधरवडाभर वारा आणि कोरडी हवा. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा. मधेच पाऊस आला तर सगळं गेलं. शेडवाल्या बाई सारख्या आभाळाकडे बघत बोलत होत्या. त्यांनी ओंजळ भरून दिला. मी एकेक करून खाल्ला, त्या रात्री खाल्ला तसा. पटकन तोंडात टाकला असता तर नुसता गोड लागला असता. सावकाश चावला तर आधी आंबट येतो. हे मी त्या जेवणातून शिकले आणि त्याबद्दल त्या स्वयंपाकी पोराचे आभारच मानते.

सांगलीला पोचायला तीन वाजले. गणपतीमंदिराच्या पलीकडे एका घरगुती खानावळीत गेलो, तर चूल विझवलेली. बाई म्हणाल्या, "बसा, उशिरा येणाऱ्यांचं असतं थोडं." कृष्णाकाठच्या वांग्याची भरली भाजी, दोन भाकऱ्या, दही. आई, तेच वांगं! पाचगणीला बशीत एक फोड आली होती, इथे अख्खी दोन, आणि कूट भरपूर. आपल्याकडे रोडग्यांबरोबर भंडाऱ्यात होते त्या भाजीची आठवण झाली. मी नको म्हणत असताना त्यांनी तिसरं वांगं वाढलं. मी विचारलं, रोज इतकं ठेवता, कुणी आलं नाही तर? म्हणाल्या, "येतंच की कुणी तरी."

मी गप्प जेवले.

संध्याकाळी हरिपूरला गेलो, जिथे वारणा कृष्णेला मिळते. सांगलीची हळद इथे जमिनीखाली ठेवत. पेव म्हणतात. तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं, पंचवीसेक फूट खोल. इथली माती अशी की भिंतीला चीर जात नाही. आतून शेणानं सारवायचं, पाचट आणि चटया अंथरायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. वर्षानुवर्षं कीड नाही, रंग चढतच जातो. हळदीची बाजारपेठ म्हणून सांगलीचं नाव झालं त्यात या पेवांचा मोठा वाटा. एका म्हाताऱ्या हमालांनी सांगितलं, पेव उघडल्या-उघडल्या आत उतरायचं नाही. बंद हवेत जीव गुदमरतो. आधी बराच वेळ उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरणार. बोलताना त्यांचे तळवे पिवळे दिसत होते. इतक्या वर्षांचा रंग असेल का तो?

आता पेवं फारशी वापरात नाहीत. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं, भरलेली हळद गेली, आणि लोक शीतगृहांकडे वळले. ज्या नदीनं ही माती आणून घातली, तीच आत शिरली. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला मानांकन मिळालं, तोवर पेवांचे दिवस सरत आले होते. बुजत चाललेल्या एका पेवाच्या काठावर मी बराच वेळ बसले. गवत उगवलं आहे. मला खरंच वाईट वाटलं. चौदा जणांचं काटेकोर मोजणारा तो पोरगा हुशार आहे, पण या लोकांनी कुणासाठी ते माहीत नसताना, कधी लागेल ते माहीत नसताना, घराएवढं साठवून ठेवलं.

उद्या मिरजेहून महाराष्ट्र एक्सप्रेस. पाच किलो हळकुंडं घेतली आहेत.

तुझी लेक


मिरज स्टेशन, 14 फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

गाडीला वेळ आहे म्हणून चार ओळी. हे पत्र आधी पोचेल की मी, सांगता येत नाही. हळकुंडं आल्या-आल्या दळायला टाकू नकोस, मला एकदा उन्हात घालायची आहेत.

त्या पोरासारखी गाळून नाही, पण लसूण-जिऱ्याचीच आमटी सोमवारी डब्यांत द्यायची. पार्सल आलं असेल तर रविवारी रात्री घेवडा भिजत घाल. मी हिशेब केला आहे, पाच वाट्या पुरतात.

पाच वाट्या, आणि तुझी मूठभर वर.

तुझी लेक