दोन बाटल्या पाणी

१९७९ साल. परभणी जिल्ह्यातलं गाव, तालुक्याचं कॉलेज, एफ.वाय. सायन्स. केमिस्ट्रीचे आधीचे मास्तर नोट्स सांगायचे, आम्ही उतरवायचो. प्रॅक्टिकलला आम्ही स्कॉलरशिपवाली पोरं शेवटच्या टेबलावर. ब्यूरेटला हात लावला की लॅब असिस्टंट खेकसायचा, "फोडशील रे, तुझा बाप भरून देणार का?" मग टायट्रेशन दुरून बघायचं आणि रीडिंग शेजाऱ्याचं जर्नलात उतरवायचं. दोस्तहो, आपल्यातले कितीक जण असेच बी.एस्सी. झाले, खरं बोला.

दिवाळीनंतर नवे सर आले. तरुण, मुंबईकडचे, टेम्पररी ऑर्डरवर. आडनावावरून जात कळेना. आम्हाला वाटलं आपले, त्यांना वाटलं त्यांचे. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी हजेरीच्या क्रमानं टेबलं लावली. शेवटचं टेबल मोडलं. माझ्या हातून पिपेट फुटली. म्हणाले, "फुटते. दुसरी घे." त्या इमारतीत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

एक दिवस म्हणाले, सोमवारी येताना आपापल्या गावच्या विहिरीचं पाणी आणा, हार्डनेस काढू. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे, ते.

मी दोन बाटल्या भरायचं ठरवलं. आमच्यात ५६ साली धर्म बदलला, विहीर बदलली नाही. त्यांची ओढ्याकाठी, आमची माळावरच्या खारवट जागेत. माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. दोन्ही पाणी सारखंच निघणार, एच-टू-ओ, आणि २० मार्चला महाडवर बोलताना हे ठोकून द्यायचं.

आय म्हणाली, "नगं रं बाबा. तुज्या कालेजापायी घरं पेटत्याल." तिचं चुकत नव्हतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. आमची वाचली, पण रात्री जागून काढल्या होत्या. बाप काही बोलला नाही. पहाटे काठी घेऊन माझ्यासंगं निघाला, वाटेवर उभा राहिला. मी पोहरा सोडला. केवढा आवाज झाला तो!

लॅबमध्ये पन्नास मिली पाणी, बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी. पाणी लालभडक. वरून ई.डी.टी.ए. सोडायचं, लाल जाऊन निळा आला की थांबायचं. (निळा दिसल्यावर थांबायचं हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते सोडा.) त्यांच्या विहिरीचं रीडिंग १३.६. आमचं पाणी घेतलं, तर निळा येईचना. ३८.४ ला आला. तीनदा केलं, तेच.

भाषण तिथंच मोडलं.

सर फळ्यावर गावं आणि आकडे लिहीत होते. माझ्या गावापुढं दोन आकडे. "एका गावच्या दोन विहिरी? दोन कशाला?" त्यांना खरंच माहीत नव्हतं की माझ्या तोंडून वदवायचं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. वर्ग गप. माझ्या गावच्या पाटलाचा पोरगा खिडकीबाहेर बघत होता.

"सर, एक त्यांची, एक आमची."

खडू थांबला. मग सर कॅल्शियम-मॅग्नेशियमवर बोलत राहिले. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, कपडे करडे पडतात, डाळ शिजत नाही.

पुढचं मला ऐकूच आलं नाही. डाळ कच्ची राहिली म्हणून आयनं मार खाल्लेला. गावात म्हणायचे, ह्यांची कापडं कवा निघत न्हाईत, जातच मळकी. शाळेत सदरा बघून गुरुजींनी मला दाराशी बसवलेलं. लिटरला ७६८ मिलिग्रॅम! आजचं भारतीय मानक २०० सांगतं, दुसरं पाणीच नसेल तर ६००. आधी आम्हाला ती जागा द्यायची, मग आमच्या सदऱ्याला नावं ठेवायची.

आम्ही आठ जणांनी तहसीलदाराला अर्ज लिहिला. खाली सरांची सही पाहिजे होती. ते म्हणाले, "सही नको मागूस. माझी ऑर्डर एप्रिलपर्यंतच आहे." राग आला. पण माझं गणित त्यांनी पुन्हा करून बघितलं, जर्नलच्या पानावर लाल शाईत बरोबरची खूण केली, तारीख घातली. तेच पान आम्ही अर्जाला जोडलं. पाटलाच्या पोरानं गावात सांगितलं. बापाचं सालाचं काम गेलं. एप्रिलात सरही गेले.

हापशी आली १९८३ ला, तीन अर्जांनंतर. तोवर मी मास्तर झालो होतो. तिचंही पाणी जुन्या कॉलेजात नेऊन तपासलं. २७.१, म्हणजे लिटरला ५४२. घरी आलो तर आयनं डाळ चुलीवर ठेवली होती. लई वेळ लागला. शिजली.