पाठकोरे कागद

गंगाखेडला लोक जातात ते गोदावरीच्या स्नानाला आणि जनाबाईच्या दर्शनाला. मी मात्र घाट चढून वर आलो तो एका ओसरीपाशीच थबकलो. ऐंशी उलटलेल्या आजी पालथ्या घागरीवर कागदाचा लगदा थापीत होत्या. रद्दी तीन-चार दिवस भिजवायची, मेथ्या घालून उखळात कुटायची आणि थापायची. थर सुकला की घागर अलगद काढून घ्यायची. झाली टोपली! वर लग्नपत्रिकांचे तुकडे नि रंगीत चिंध्या, चिंचोक्याच्या खळीने डकवलेल्या.

कोनाड्यात एक बाड होते, पाठकोरे कागद दोऱ्याने शिवलेले. एका अंगाला उर्दू मजकूर, दुसऱ्या अंगाला जात्यावरच्या ओव्या. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, कचेरीची भाषा उर्दू. आजींच्या सासऱ्यांनी तिथल्या रद्दीवर बायकोच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. याला काटकसर म्हणावे की गोड सूड?

"अशी आणखी आहेत, आजी?"

"तीन होती. दोन भिजवली, बाबा. दुष्काळाचं साल, घरात टोपली नव्हती."

"आणि हे?"

"हे उशाशी घेऊन निजते."