निझवातील दोन दिवस

परदेशात राहणाऱ्याच्या दारात गावाकडचा माणूस उभा राहिला की त्या घरात ईद होते. गेल्या हिवाळ्यात अशीच ईद आमच्याकडे दोन दिवस मुक्कामाला होती.

आम्ही उभयता ओमानमधील निझवा शहरात एका भारतीय शाळेत शिकवतो. एकाकडे गणित, दुसरीकडे विज्ञान. राजधानी मस्कतपासून हे गाव सुमारे १४० किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. औरंगाबादचे आमचे जुने मित्र आणि भाभी मस्कतला भाभींच्या भावाकडे आले होते. इथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, म्हणून गुरुवारी संध्याकाळच्या बसने ते आमच्याकडे आले. भाभींच्या पिशवीतून ज्वारीचे पीठ निघाले, शेंगदाण्याची चटणी निघाली, येसर निघाला. त्या रात्री पाच वर्षांनी आमच्या घरात येसराच्या आमटीचा वास दरवळला.

खरे सांगायचे तर आमच्या मनात थोडा बडेजाव होता. आपली गाडी, आपले घर, इथले गुळगुळीत रस्ते पाहुण्यांनी पाहावेत असे वाटत होते. त्यामागे एक जुनी टोचणीही होती. पाच वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून मोहल्ल्यातल्या मशिदीशेजारच्या खोलीत दहावीच्या मुलामुलींसाठी मोफत वर्ग सुरू केला होता. गणित आणि विज्ञान आमच्याकडे, इतिहास मित्राकडे. तीनच महिन्यांत आम्हाला इथली नोकरी लागली. "दोन वर्षांत परत येतो," असे सांगून निघालो. त्यानंतर दर महिन्याला वर्गासाठी पैसे पाठवत राहिलो आणि त्या दोन वर्षांचा विषय फोनवर टाळत राहिलो.

शुक्रवारी फजरची नमाज झाल्यावर सगळे निझवाच्या बकरा बाजारात गेलो. हा बाजार दर शुक्रवारी सकाळी भरतो. मधोमध छपराखाली गिऱ्हाईक बसलेले, बाहेरही कडे करून उभे, आणि मधल्या वाटेने विकणारे आपापले जनावर घेऊन गोल गोल फिरतात. चालता चालता भाव पुकारायचा. कुणी हात केला की थांबायचे, दात बघू द्यायचे, पाठ चाचपू द्यायची. सौदा जमला तर ठीक, नाहीतर पुन्हा फेरी. आमचे मित्र हसून म्हणाले, "आपल्याकडे बकरा उभा असतो आणि गिऱ्हाईक फिरून दमतं. इथं सगळं उलटंच!"

बाजाराजवळच किल्ला आहे. सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ यांनी तो बांधला. त्याचा प्रचंड गोल बुरूज अर्ध्या उंचीपर्यंत दगडमातीने भरलेला आहे. तोफांचा धक्का सोसावा म्हणून ही योजना. आत खजूर साठवण्याची कोठारे आहेत. पोत्यांवर पोती रचली की खालच्या खजुरांतून रस पाझरे आणि जमिनीतल्या पन्हळींतून गोळा होई. हा रस खाण्यासाठी होताच, पण शत्रू दारापर्यंत आला तर तोच उकळून वरच्या छिद्रांतून त्याच्या अंगावर ओतत. भाभी म्हणाल्या, "उकळत्या काकवीसारखंच की हे! कोण पुढे येईल?"

जुम्म्याची नमाज किल्ल्याशेजारच्या मशिदीत झाली. ओमानमध्ये इबादी पंथाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. ते हात सोडून नमाज पढतात, आपण बांधून. एकाच सफेत दोन्ही तऱ्हेचे लोक खांद्याला खांदा लावून उभे होते आणि कुणी कुणाकडे वळून पाहत नव्हते. नमाजेनंतर शेजारच्या ओमानी गृहस्थांनी कहव्यासाठी घरी बोलावले. खजूर आला, हलवा आला, बिनदांड्याच्या छोट्या कपात कहवा आला. आमच्या मित्रांचा कप रिकामा झाला की यजमान भरत आणि मित्र अदबीने पीत. सहाव्या कपाला त्यांनी केविलवाण्या नजरेने आमच्याकडे पाहिले. नको असेल तर कप हलवून परत द्यायचा, हा इथला रिवाज सांगायचे आम्ही विसरलो होतो. यजमानांसह सगळे पोट धरून हसले.

संध्याकाळी फलज दारिसवर गेलो. फलज म्हणजे ओमानचा पाण्याचा पाट. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूगर्भातले पाणी गाठायचे आणि तिथून अगदी हलक्या उताराचे भुयार मैलोन्‌मैल गावापर्यंत आणायचे. मोट नाही, पंप नाही. पाणी आपल्या उतारानेच येते. गाळ काढण्यासाठी ठिकठिकाणी वरून उभ्या विहिरी ठेवलेल्या असतात. असे तीन हजारांहून अधिक फलज ओमानमध्ये अजून वाहते आहेत. २००६ मध्ये युनेस्कोने त्यातल्या पाच फलजांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. दारिस त्यांपैकी एक. हजरत सुलैमान (अ. स.) यांच्या हुकमावरून जिन्नांनी हे पाट खणले, अशी दंतकथा इथली म्हातारी माणसे सांगतात.

मित्र काठावर बसले, पाण्यात पाय सोडले आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ही तर आपली नहर!" इतिहासाच्या मास्तरांना जे एका नजरेत दिसले, ते आम्हाला पाच वर्षांत दिसले नव्हते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. त्या शहरासाठी त्याने जमिनीखालून पाणी आणले, ती नहर-ए-अंबरी. तिचीही रीत हीच होती. पाणचक्कीही अशाच दूरच्या झऱ्याच्या पाण्यावर फिरायची. आज तिकडे जायकवाडीचे पाणी पंपाने चढवून आणतात, तरी नळाची कित्येक दिवस वाट पाहण्याची वेळ आली आहे. जुनी नहर बरीचशी गाळाने आणि बांधकामांनी बुजली आहे.

शनिवारी सकाळी मिसफात अल अब्रीयीनला गेलो. तासाभराचा रस्ता. डोंगरउतारावर दगडमातीची घरे, खाली खजुरीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा आणि मधून वाहणारा फलज. एक म्हातारे बागवान कापडाची बोळकांडी दाबून एका वाफ्याचे तोंड बंद करत होते. आम्ही मोडक्यातोडक्या अरबीत चौकशी केली. त्यांनी सांगितले की, पाणी पिण्याचा हक्क सर्वांचा आणि तो पहिला. मग मशिदीची गरज, मग बागा. बागांना पाणी वेळेने मोजून मिळते. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर वेळ धरत, आता मनगटी घड्याळावर. ज्याची जितकी वेळ, तितकाच त्याचा वाटा. "आणि गाळ काढायला कोण उतरतं?" मित्रांनी विचारले. बागवान हसले. पाणी पिणारे सगळेच, असे म्हणाले.

परत चढताना भाभी दमून एका पायरीवर टेकल्या. आम्ही पाण्याची बाटली पुढे केली. सहज बोलावे तसे त्या म्हणाल्या, "तुमचे पैसे दर महिन्याला येतात, भाईजान. खडू येतात, वह्या येतात. फळ्यासमोर उभं राहायला माणूस तेवढा येत नाही. हे रात्री बारापर्यंत गाईड घेऊन बसतात आणि सकाळी पोरांना भूमिती शिकवतात. इतिहासाचा माणूस!"

मित्र त्यांना गप्प करू लागले. "अगं, पाहुणे म्हणून आलोय आपण."

त्यांनी पाच वर्षांत एकदाही तक्रार केली नव्हती. आम्ही विचारलेही नव्हते. त्या क्षणी "पुढच्या वर्षी नक्की" असे म्हणणे सोपे होते, पण जिभेवर आले नाही. घराचे कर्ज आहे, अम्मीची औषधे आहेत, नोकरी आज सोडता येत नाही. हे खरे होते आणि भाभी म्हणाल्या तेही खरे होते.

संध्याकाळी बस सुटण्याआधी आम्ही हिशेब मांडला. इथल्या शाळेला उन्हाळ्याची मोठी सुट्टी असते. जूनमध्ये महाराष्ट्रातल्या शाळा उघडतात तेव्हा आम्ही मोकळे असतो. आजवर त्या सुट्टीत आम्ही दावती खात फिरलो. आता त्या दिवसांत फळा आमचा, आणि वर्षभर दर शनिवारी दोन तास फोनवरून गणित. एवढा वाटा तरी आमच्याकडून मुलांना पोहोचू शकतो.

मित्रांनी काही वचन मागितले नाही. खिडकीतून म्हणाले, "मग पहिल्या दिवशी त्रिकोणाची समरूपता घ्या. तिथं माझी गाडी दरवर्षी अडते."

घरी आलो तर ओट्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा होता. भाभींनी मुद्दाम अर्धा भरून ठेवला होता. शनिवारचा पहिला वर्ग झाला तेव्हा पडद्यावर अकरा मुले होती. मागच्या बाकावर वही उघडून आमचे मित्रही बसले होते.