मोटर बरी होती

आधीच्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलायचो. तिथं हँडब्रेकला दांडा होता आणि केबल होती. पिस्टन फिरवत आत दाबायचा, नवे पॅड बसवायचे, की काम संपलं. आताच्या ऑटोमॅटिक गाडीत दांड्याच्या जागी बोटाएवढं बटण आहे. दांडा गेला तरी खालचा कारभार तोच असणार, असं मी धरून चाललो. गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेलं.

खालचा कारभार कसा असतो, हे मला सगळं बिघडवून झाल्यावर कळलं. मागच्या प्रत्येक कॅलिपरच्या पाठीवर एक छोटी मोटर बसवलेली असते. ती आतला स्क्रू फिरवते, स्क्रूवरचा नट पुढे सरकतो आणि पिस्टनला रेटतो. वीज बंद केली तरी हा नट आपणहून मागे येत नाही, म्हणून तर गाडी रात्रभर उतारावर थांबते. ब्रेक सोडला की नट मागे येतो, पण जेमतेमच. पॅड झिजत जातात तशी त्याची थांबायची जागाही पुढे पुढे जाते. जाड नवे पॅड बसवायचे तर त्याला पार मागे न्यावं लागतं, आणि त्यासाठी गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यायची असते. काही गाड्यांत हे बटण आणि पेडल ठरावीक क्रमाने दाबून जमतं, काहींना स्कॅनरच लागतो.

मी सरळ सी-क्लॅम्प लावला. उजवा पिस्टन थोडा आत गेला आणि अडला. नट वाटेत होता, पण मला वाटलं गंज असेल. क्लॅम्प आणखी आवळला. तो सगळा जोर पिस्टनमधून नटावर आणि स्क्रूवर जात होता.

मग एक व्हिडिओ पाहिला. मोटर दोन स्क्रूंवर असते, ती काढून आतला स्क्रू हाताने उलटा फिरवायचा. युक्ती खोटी नव्हती. डाव्या बाजूला नीट जमली. उजवीकडे, आधीच्या झटापटीचा राग म्हणा, मी लांब पान्हा घेतला आणि स्क्रू शेवटाला टेकल्यावरही पिळत राहिलो. पॅड बसले, चाकं चढली, गाडी चालू केली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

यानंतरचे दिवस मला जास्त लाज आणतात. बॅटरी अशक्त असली की हा दिवा लागतो, असं वाचलं. तेही खोटं नाही, म्हणून बॅटरी रात्रभर चार्ज केली. मग तिची वायर काढून परत लावली. घड्याळ आणि काचांचं सेटिंग गेलं, दिवा राहिला. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आणला, त्याला इंजिनाशिवाय काही वाचता येत नव्हतं. मित्राकडच्या चांगल्या स्कॅनरवर अखेर कोड दिसला: उजवी मोटर. मी लगेच नवी मोटर मागवली.

मोटर येईपर्यंत आम्ही गाडी चालवतच होतो. पायाचा ब्रेक ठणठणीत होता, म्हणून घरात सांगून टाकलं की सेन्सरचं काहीतरी आहे. पाचगणीला उतारावर गाडी फक्त ‘पी’वर उभी केली. ‘पी’ म्हणजे ब्रेक नव्हे. गिअरबॉक्समधल्या दात्यात अडकणारी एक लोखंडी खुंटी. हे मला ठाऊक होतं, म्हणून चाकामागे दगड लावला आणि बायकोला म्हणालो, सवय आहे. तिचा विश्वास बसला नसावा. मुलांना ती दुसऱ्या बाजूने उतरवत होती.

नवी मोटर लावली. दिवा तसाच.

शेवटी गॅरेज गाठलं. गॅरेजवाल्याने जुनी मोटर हातात घेतली, बॅटरीच्या दोन वायरी टेकवल्या, ती झकास फिरली. मग त्याने कॅलिपरमधला स्क्रू फिरवून पाहिला. तो मागच्या टोकाला जाम होता. सुटला तेव्हा खरखरत सुटला. गाडीला स्क्रू दिसत नाही, तिला फक्त मोटर किती करंट ओढते एवढं कळतं, त्यावरूनच ती पॅड किती घट्ट आवळले हे ठरवते. जाम स्क्रूवर मोटर हलत नव्हती आणि करंट मात्र पहिल्या क्षणीच उसळत होता, म्हणून गाडी मोटरवर बोट ठेवत होती. कोडमध्ये मोजलेलं असतं, मोडलेलं नव्हे. हे त्याने शाळकरी पोराला सांगावं तसं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं.

कॅलिपर नवा बसला. ब्रेक ऑइल भरून हवा काढली, स्कॅनरवरून कॅलिब्रेशन चालवलं. दोन्ही मोटरी घुर्र करत आवळत-सोडत राहिल्या, नव्या पॅडची जागा शोधली आणि दिवा गेला. बिल पॅडच्या किमतीच्या कितीतरी पट झालं. मी मागवलेली मोटर दुकानदाराने परत घेतली नाही. विजेचा माल एकदा लावला की परत नाही, असं पावतीवर छापलेलं होतं. तीही मी वाचली नव्हती.