चार खुरांना उंच टाचा

न्यूरेंबर्गला कुणी पाहुणे आले की आम्ही त्यांना किल्ला दाखवतो, चित्रकार ड्यूररचं घर दाखवतो, नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला ते सहाशे नंबरचं कोर्ट दाखवतो. तेवढ्यात दिवस मावळतो, पाहुण्यांना भूक लागते आणि खेळण्यांचं सांगायचं राहून जातं. वास्तविक हे शहर पाच-सहाशे वर्षं खेळण्यांसाठी नावाजलेलं आहे. बाहुल्या करणाऱ्या इथल्या कारागिरांची नोंद १४०० च्या सुमाराची सापडते. १९५० पासून इथे खेळण्यांचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं. आपल्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाला तिथे आत सोडत नाहीत, फक्त धंद्यातल्या माणसांना सोडतात. प्लेमोबिलची ती हसरी, गोल डोक्याची माणसं शेजारच्या त्सिर्नडॉर्फची. आणि बार्बी जिच्यावरून बेतली गेली ती लिली नावाची बाहुली इथून उत्तरेला कोबुर्गजवळच्या नॉयश्टाटमध्ये तयार व्हायची. लिली १९५५ साली आली आणि १९६४ मध्ये बंद झाली. तिची अमेरिकेतली नक्कल १९५९ पासून अजून चालू आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई अशा बंद पडलेल्या बाहुल्या जमवतात. त्यातही त्यांची आवड भलतीच बारीक. जनावर असून फॅशन करणारी, नाहीतर फॅशन करता करता जनावर झालेली बाहुलीच त्यांना हवी, आणि ती बाजारात फार दिवस टिकलेली नको. बार्बी त्यांच्या घरात एकही नाही. ‘ती काय, कुठेही मिळते,’ म्हणतात.

त्यांच्या कपाटात अमेरिकेच्या केनर कंपनीच्या घोड्या आहेत, १९८० च्या दशकाच्या अखेरच्या. कमरेपर्यंत म्हणावेत असे केस आणि अंगावर घालायला वेगळे कपडे. मॅटेलनं २०१० साली काढलेल्या मॉन्स्टर हायमधली लांडग्याची मुलगी आहे, कानांवर केस आणि पायांत बूट. त्याच कंपनीच्या २०१७ च्या एन्चँटिमल्समधल्या कोल्ह्याचे कान असलेल्या, मोराचा पिसारा असलेल्या पोरी आहेत, प्रत्येकीसोबत तिचं तिचं जनावर. पण बाईंचा सगळ्यात लाडका ऐवज म्हणजे प्लेमेट्स कंपनीच्या स्ट्रट्स. या २००० च्या दशकाच्या शेवटच्या. मी त्यातली एक हातात घेऊन पाहिली. घोडीच, पण मॉडेलसारखी कंबर आत गेलेली. पापण्या रंगवलेल्या. मानेवरच्या आयाळीत कंगवा फिरेल एवढे दाट केस. आणि चारही खुरांना उंच टाचांच्या चपला. दोन पायांवर टाचा घालून चालताना माणसाची त्रेधा उडते, इथे चार! माझ्या भावाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन. ‘ताई, काय करायलीस तिकडं? हिला नाल कुठं ठोकायचा?’

या बाहुल्या का टिकत नाहीत हे बाईंनी मला नीट समजावून सांगितलं. बार्बीचं अंग एकदा ठरलं की कपडे बदलून तिला डॉक्टर करा, नाहीतर नवरी करा. साचा तोच. जनावराचं तसं नसतं. कान वेगळे, शेपूट वेगळी, गुडघा उलटा वाकलेला, म्हणजे प्रत्येकीला नवा पोलादी साचा, आणि पोलादी साचा महाग. शिवाय दुकानदाराला हिला कुठल्या फळीवर ठेवायची कळत नाही, बाहुल्यांत की प्राण्यांत. एक-दोन नाताळ वाट बघतात. माल हलला नाही की कंपनी साचे गुंडाळते आणि बाईंच्यासारख्यांचं काम सुरू होतं.

मे आणि सप्टेंबरमध्ये इथल्या जुन्या गावात ट्रेम्पेलमार्क्ट भरतो. गल्ल्यागल्ल्यांतून जुन्या वस्तूंचा बाजार. बाईंच्या बरोबर मीही जाते. खोकं उघडलेलं नसेल तर भाव दुप्पट. बाहुलीचं डोकं आणि मनगटं पुठ्ठ्याला ज्या प्लॅस्टिकच्या दोऱ्यांनी कारखान्यात बांधलेली असतात, त्या दोऱ्या शाबूत आहेत का हे बाई चष्मा कपाळावर चढवून तपासतात. कुठल्या पोरीनं एकदाही खेळलेलं नसावं, ही अट. मला ही अट मनापासून पटत नाही. खेळण्याला खेळणं म्हणायचं आणि त्याच्याशी कुणी खेळलं नाही म्हणून जास्त पैसे मोजायचे, हा व्यवहार मोठ्या माणसांनाच सुचू शकतो.

सप्टेंबरचा बाजार पोळ्याच्या आसपास येतो, म्हणून मला तो जास्त आठवण देतो. माझं गाव अंतरवाली सराटी. पूर्वी नाव सांगितलं की जालना जिल्हा, अंबड तालुका, वडीगोद्रीच्या जवळ अशी पत्त्याची पूर्ण ओळ म्हणावी लागे. १ सप्टेंबर २०२३ ला तिथे मराठा आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि त्यानंतर म्युनिकमधला अनोळखी मराठी माणूससुद्धा ‘अच्छा, जरांगेंचं अंतरवाली!’ म्हणू लागला. त्या वर्षी मनोज जरांगे पाटलांनी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या उपस्थितीत उपोषण सोडलं १४ सप्टेंबरला, आणि तो दिवस पोळ्याचा होता. मी इथे फोनवर चॅनेल लावून बसले होते. सगळा देश माणसं बघत होता. माझे डोळे गर्दीच्या कडेला कुठे एखादा रंगवलेला बैल दिसतो का ते शोधत होते.

कारण जनावराची फॅशन म्हटलं की आमच्याकडची ती खरी. आदल्या दिवशी खांदमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि आवतण द्यायचं, उद्या जेवायला या म्हणून. दुसऱ्या दिवशी बैल धुऊन आणायचे. शिंगं साळून त्यांना हिंगूळ नाहीतर वार्निश, वर बेगड, टोकांना पितळी शेंब्या आणि गोंडे. कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ आणि कवड्यांची माळ, पायांत तोडे, अंगावर गेरूचे ठिपके, पाठीवर झूल. वेसण नवी, म्होरकी नवी, कासरा नवा. कुणाचा बैल जास्त देखणा यावरून घराघरांत वर्षभराची खुन्नस निघायची. मग वाजतगाजत मारुतीच्या देवळाला फेऱ्या, मंगलाष्टकं म्हणून बैलांचं लग्न, आणि घरी औक्षण करून पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी नवरदेव परत जुवाखाली. बेगडाचे तुकडे तेवढे पुढे कितीतरी दिवस शिंगाला चिकटून राहायचे.

हा सगळा थाट पुरुषांच्या हातचा. आम्हा पोरींच्या वाट्याला मातीचे बैल यायचे. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत ते मातीच्याच बैलांची पूजा करतात, आणि ट्रॅक्टर आल्यापासून अशी घरं वाढतच चालली आहेत. काही जण ट्रॅक्टरलाच हार घालतात. त्यावर नाक मुरडणारे शहरात जास्त. शेतात राबतो त्याची पूजा, हा हिशोब गावाला सरळ कळतो. मातीचा बैल आमची आजी स्वतः करायची. काळ्या मातीत भुसा कालवून चार जाड पाय, मग पोट, मग दोन बोटांनी दाबून काढलेलं वशिंड. डोळ्यांना ज्वारीचे दाणे. शिंगांच्या आत काडी घालायची, नाहीतर वाळताना बुडाशी तडा जाऊन शिंग हमखास गळतं. भाजायचा नाही. एक दिवस पाटावर पुजायचा, दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या ताब्यात. चार-आठ दिवसांत एक पाय जायचा, मग उरलेला बैल पाण्यात. तो जपून ठेवावा असं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. पुढच्या श्रावणात आजी दुसरा करणारच होती. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल असतात, त्यांना चाकं असतात, ते पिढ्यान् पिढ्या माळ्यावर जपले जातात. ती श्रीमंती आमच्याकडे नव्हती.

न्यूरेंबर्गच्या रस्त्यांच्या फरसबंदीखालीही चौदाव्या शतकातल्या मातीच्या बाहुल्या निघाल्या आहेत. बोटाएवढ्या, पांढऱ्या मातीच्या. काहींच्या छातीला गोल खळगा आहे, बहुधा बाळाला द्यायचं नाणं त्यात बसवत असावेत. त्या भट्टीत भाजलेल्या होत्या म्हणून तगल्या. कच्च्या मातीचं टिकणं त्याहून नवलाचं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, त्यात एक झाकणाची मातीची पेटी मिळाली. त्या पेटीशी कच्च्या मातीची एक बिनडोक्याची बाई आणि एक बैल होता. बाईच्या अंगाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मधे काडी घातली की बाई बैलावर बसते. काळ सुमारे इ. स. पू. १३००. तो पोळ्याचा बैल होता असं मी म्हणत नाही, तज्ज्ञ त्या बाईला देवी मानतात. पण बैलात काडी खुपसण्याची युक्ती पाहिली आणि मला आजीची बोटं आठवली.

हे सगळं मी बाईंना सांगितलं, थोडं जर्मनमध्ये, बरंचसं हातवारे करून. त्या गंभीर झाल्या. त्यांना मातीचा बैल हवाच होता, खरेदी करायची तयारी होती, आणि शक्य असलं तर दोन, एक न हाताळलेला. मी म्हटलं, करून देते, पण बैल तुमच्या नातवाला खेळायला द्यायचा आणि मोडला की पाण्यात सोडायचा. पाण्यात का, हे त्यांना काही केल्या उमगेना. पाऊस पडला तर खिडकीतून आत घ्यायचा ना, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

शेवटी त्यांनी त्यांची जाडजूड वही काढली. त्या वहीत प्रत्येक बाहुलीची एक ओळ असते. नाव, कंपनी, देश, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आजचा भाव. नाव लिहिलं ‘बैल’. कंपनीच्या रकान्यात माझी आजी. देश झाला. सालाच्या रकान्यात त्यांनी विचार करून इ. स. पू. १३०० घातलं आणि प्रश्नचिन्ह दिलं. मग पेन थांबलं.

‘बंद कधी झाला?’

मी म्हटलं, अजून चालूच आहे. दर श्रावणात निघतो, जालन्यात, परभणीत, बीडमध्ये, घरटी निघतो.

बाईंनी चष्मा काढला. त्यांना खरंच वाईट वाटलं माझ्यासाठी. म्हणाल्या, ‘मग याला काही भाव येणार नाही हो.’