सिंहाचा शेजार

केनियाहून परत आल्यापासून भेटावयास येणारी मंडळी आम्हा उभयतांस एकच प्रश्न विचारतात : "सिंह दिसला का?" दिसला, असे सांगितले की त्यांचे समाधान होते आणि बोलणे विमानभाड्याकडे वळते. आमचे मात्र एवढ्याने समाधान होत नाही. खर्चाची तयारी असणाऱ्या पाहुण्यास त्या देशात सिंह पाहणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते सिंहाच्या शेजारी बारा महिने राहणे. हा शेजार कसा निभावला जातो आणि त्याचे मोल कोण देतो, हे नैरोबीच्या मुक्कामात थोडेबहुत दृष्टीस पडले. तेच वाचकांपुढे ठेवावे असे मनात आहे.

नैरोबी हे शहर वयाने लहान. मसाई भाषेत त्या नावाचा अर्थ थंड पाणी. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे इंग्रज सरकारने जो लोहमार्ग घातला, तो १८९९ साली येथल्या ओलसर माळावर पोहोचला आणि रेल्वेच्या ठाण्याभोवती गाव वसले. ह्या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांपैकी जवळजवळ २,५०० माणसांची हाडे तिकडेच राहिली. तेथील स्वाहिली भाषेत गाडीला 'गारी' आणि दुकानाला 'डुका' म्हणतात. चपाती तर चपातीच राहिली आहे. परक्या शहरात पहिल्याच दिवशी असे शब्द कानी पडले म्हणजे आपल्या आधी येथे कोणी राबून गेले आहे, ह्याची जाणीव मनाला चटका लावते.

शहरातील रेल्वेच्या संग्रहालयात एक जुना डबा जपून ठेवला आहे. १९०० साली किमा नावाच्या ठाण्यावर माणसे मारणाऱ्या एका सिंहास टिपण्यासाठी रायल नावाचा पोलीस अधिकारी ह्याच डब्यात रात्री पहारा करीत बसला होता. त्यास डुलकी लागली. सिंह डब्यात शिरला आणि त्यालाच उचलून घेऊन गेला. त्याआधी दोनच वर्षे, १८९८ मध्ये, त्सावो नदीवरील पुलाच्या कामावर दोन सिंहांनी असा उच्छाद मांडला होता की मजुरांनी काम टाकून पळ काढला. त्या दोघांचे पेंढा भरलेले देह आज अमेरिकेत शिकागोच्या संग्रहालयात आहेत. त्यांनी खाल्लेल्या मजुरांपैकी बहुतेकांची नावेही कोणास ठाऊक नाहीत. त्या डब्यापाशी आमच्या सौभाग्यवती बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सिंहाची गोष्ट सांगणारे पुष्कळ, कनातीत झोपलेल्या मजुराची गोष्ट कोण सांगणार?"

हा प्रश्न बरोबर घेऊनच दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. हे उद्यान १९४६ साली स्थापन झाले. विस्तार सुमारे ११७ चौरस किलोमीटर आणि शहराच्या मध्यापासून अंतर मोटारीने अर्ध्या तासाच्या आसपास. हत्ती तेवढा येथे नाही. बाकी गेंडे, रानरेडे, जिराफ, झेब्रे, शहामृग असा सारा परिवार आहे. ऊन वर येता येता पिवळ्या गवतात एक सिंहीण आपल्या दोन बछड्यांसह पहुडलेली दिसली. तिच्या कानांमागे क्षितिजावर शहराच्या उंच इमारती उभ्या होत्या. एकाच दृष्टिक्षेपात अरण्य आणि राजधानी! क्षणभर आम्ही श्वास घ्यावयाचेही विसरलो.

उद्यानाच्या कडेसच पोरक्या हत्तीपिल्लांचे संगोपनगृह आहे. त्सावोच्या अरण्याचे रक्षक डेव्हिड शेल्ड्रिक ह्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी डॅफ्नी ह्यांनी १९७७ साली ह्या कार्याची संस्था उभारली. तान्ह्या पिल्लांस गाईचे दूध सोसत नाही. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर, अनेक पिल्ले हातची गेल्यावर, नारळाचा स्नेह घातलेले दूध त्यांस मानवते, असे बाईंच्या ध्यानात आले. रात्री प्रत्येक पिल्लापाशी एक रखवालदार निजतो. तो आळीपाळीने बदलतात. कारण पिल्लाने एकाच माणसाचा लळा धरला आणि तो रजेवर गेला, तर ते खाणे टाकते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस ह्यातील मर्म समजावून सांगावयास नको. आजी, काकू, आत्या अशा अनेक मांड्यांवर वाढलेले मूल आई माहेरी गेली म्हणून उपाशी राहत नाही.

आता शेजाराकडे वळू. ह्या उद्यानास तीन बाजूंनी कुंपण आहे. दक्षिणेची बाजू मात्र मोकळी. तेथे नदी ओलांडली की मसाई गोपालकांचे माळ लागतात. पावसाळ्यात चरणारी जनावरे त्या माळांवर पांगतात आणि त्यांच्या मागे सिंह जातात. ती बाजू बंद केली तर उद्यान हे मोठेसे पिंजरेघर होईल. उघडी ठेवली तर सिंह गोठ्यात येतो. २०१२ च्या जूनमध्ये किटेंगेला भागात गुराढोरांवर पडलेल्या सहा सिंहांना गावकऱ्यांनी भाल्यांनी मारले. आमचा मोटारचालक त्याच भागातला होता. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही सिंह पाहण्याचे पैसे देता, आम्ही न पाहण्याचे देतो." सकाळी विसरलेला श्वास आता आम्हांस जड झाला.

पण गोष्ट येथेच संपत नाही. त्याच भागात रिचर्ड तुरेरे नावाचा मसाई मुलगा वडिलांची गुरे राखीत असे. हातात दिवा घेऊन फिरणाऱ्या माणसास सिंह बिचकतो, हे त्याने हेरले. जुनी मोटारबॅटरी, सूर्यप्रकाशावर वीज देणारा पत्रा आणि मोटारसायकलीच्या इशाऱ्याच्या दिव्याचा भाग जोडून त्याने गोठ्याभोवती आळीपाळीने लुकलुकणारे दिवे लावले. तेव्हा त्याचे वय अवघे अकरा वर्षांचे. विजेची ही विद्या तो आईचा नवा रेडिओ उघडून शिकला होता! माउलीचा संताप कोणीही कल्पावा. पण सिंह गोठ्याकडे येईनासा झाला आणि शेजारीपाजारी तसेच दिवे मागू लागले. ह्याच माळांवर २००० साली दुसरी एक योजना सुरू झाली : जमिनीस कुंपण न घालणाऱ्या कुटुंबास एकरी वार्षिक भाडे द्यावयाचे. त्या पैशातून पुष्कळांनी मुलांच्या शाळेची फी भरली. सिंहाच्या वाटेवर मुलांची शाळा चालावी, ह्याहून चांगला सौदा आम्हांस तरी सुचत नाही.

सरकारनेही आपला वाटा उचलला आहे. शिकारीवर १९७७ साली बंदी आली. १९८९ मध्ये ह्याच उद्यानात सुमारे १२ टन हस्तिदंत जाळण्यात आले आणि २०१६ मध्ये १०५ टन. ते राखेचे स्थळ आम्ही पाहिले. पण त्याच उद्यानावरून नवा लोहमार्गही गेला आहे. जिराफांस खालून जाता यावे म्हणून तो उंच खांबांवर नेला, हे खरे. तरी शहर वाढते आहे आणि दक्षिणेच्या माळांवरही घरे व तारा उभ्या राहत आहेत. मोकळी बाजू किती दिवस मोकळी राहील, हे सांगवत नाही.

बोरिवलीच्या अरण्याभोवती बिबट्याच्या शेजाराने राहणाऱ्या आपल्या लोकांस हे काही नवे नाही. तेथील वारली बांधव वाघोबास देव मानून नैवेद्य दाखवितात, तो केवळ भीतीपोटी नव्हे; शेजाऱ्याचा वाटा शेजाऱ्यास द्यावा, असा त्यात जुना व्यवहार आहे. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, अरण्य पाहून आनंदणाऱ्याने त्या आनंदाचे देणे कोणाच्या गोठ्यातून फिटते, एवढे तरी विचारावे. पाहुणा दोन दिवसांचा असतो, शेजार जन्माचा. आणि जन्माचा शेजार एकाच घराच्या पदरमोडीवर टिकत नाही, हे आपल्या वाड्यांतून आणि आळ्यांतून आपण सर्वांनीच अनुभविले आहे.